पाच नळ आणि मामांची जीभ

मामा आमच्याकडे राहायला आले आणि महिनाभरातच त्यांनी घरचं पाणी पिणं जवळजवळ सोडून दिलं. आमच्या लक्षात यायला मात्र आणखी पंधरा दिवस गेले.

मामा म्हणजे माझे सासरे. ते रेल्वेत गँगमन होते. चुडाव्याच्या आसपासचे रूळ, खडी आणि नटबोल्ट सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते आणि सासूबाई चुडाव्यालाच राहिले. सासूबाई गेल्यावरही दोन वर्षं मामा एकटेच राहत होते, स्वतःची भाकरी स्वतः थापत होते. आम्ही परभणीला बोलवायचो, तर ते म्हणायचे, तुमच्या भाड्याच्या दोन खोल्या, त्यात मी कुठं मावतो. मग वसमत रोडच्या बाजूला आमचं स्वतःचं घर झालं आणि त्यांच्याकडे कारण उरलं नाही.

घर लहानच आहे, पण नळ पाच आहेत. स्वयंपाकघरात एक, न्हाणीत एक, संडासात एक, मागच्या अंगणात एक आणि गच्चीवर एक. मामा आले त्या दिवशी पिशवी खाली ठेवून आधी त्यांनी पाचही नळ सोडून पाहिले आणि बंद करून पाहिले. मग हात पुसत मुलाला म्हणाले, "झ्याक झालं." एवढंच. पण संध्याकाळी चुडाव्याच्या मित्राला फोन करून घराचं वर्णन करताना त्यांनी खोल्या सांगितल्या नाहीत, नळ सांगितले.

ते मला बाई म्हणतात आणि अहो-जाहो करतात. मी लग्न होऊन आले तेव्हाच नोकरीला लागलेली होते. ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिकवणाऱ्या बाईला अरे-तुरे करायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. मी किती सांगितलं तरी त्यांनी तो मोडला नाही. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. त्याला ते बिनदिक्कत गाढवा म्हणतात.

तर मामांचं पाणी. पहिल्यांदा ते कमी झालंय हे आम्हाला कळलं ते चक्कर आल्यावर. सकाळी खाटेवरून उठताना त्यांचा तोल गेला आणि ते परत बसले. नवऱ्याने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, हातावरची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, बाबा, पाणी पिता का. मामांनी मान हलवली. डॉक्टरांनी सांगितलं, आहे त्याच्या दुप्पट प्या. मामांनी पुन्हा मान हलवली.

घरी आल्यावर मी त्यांच्या खाटेजवळ तांब्या भरून ठेवू लागले. तांब्या दुपारी रिकामा व्हायचा, मी परत भरायची. मला बरं वाटायचं. ते पाणी अंगणातल्या शेवग्याला जातंय हे मला पुढे कळलं. शेवगा मात्र त्या दिवसांत फार जोमात होता.

एका रविवारी मी स्कूटीवरून भाजी घेऊन येत होते. आमच्या गल्लीच्या पुढे एक मैदान आहे आणि त्याच्या कडेला हातपंप आहे. एक बाई पंप हापसत होती आणि समोर वाकून, ओंजळ तोंडाला लावून एक म्हातारा माणूस पाणी पीत होता. धोतर ओळखीचं वाटलं म्हणून मी वेग कमी केला. मामाच होते. पंपाच्या कट्ट्यावर त्यांची कापडी पिशवी होती आणि त्यात दोन भरलेल्या बाटल्या.

त्यांनी मला पाहिलं. शाळा बुडवताना सापडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. मी पिशवी पुढे अडकवली, त्यांना मागे बसवलं आणि घरी आणलं. रस्त्यात मी एवढंच म्हणाले की त्या पंपाचं पाणी जड आहे, त्यात डाळसुद्धा शिजत नाही. ते म्हणाले, डाळीचं डाळीला ठाऊक.

घरी आल्यावर आम्ही दोघं पोर्चमधल्या पायरीवर बसलो. मी पालक निवडायला घेतला. समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. मी विचारलं की घरचं पाणी का पीत नाही. पितो की, म्हणाले. मग डॉक्टर खोटं सांगतात का, असं मी विचारलं. ते बराच वेळ पालकाची देठं वेगळी करत राहिले.

मग म्हणाले, "पाण्याला वास यायलाय, बाई."

मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही.

"आमची आई आडावर घागर घिऊन उभी ऱ्हायची. दोराला हात लावायचा न्हाई. कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतायचं, न्हाई आली तर उनात उभं. मी तिच्या लुगड्याला धरून असायचो. आता माझ्या पोरानं घरात पाच नळ बसवले. त्या पाण्याला मी कोणत्या तोंडानं नाव ठिवू?"

मी लहान होते तोवर आमच्या गावात आमच्या वस्तीला वेगळा हातपंप आला होता, त्यामुळे घागर घेऊन ताटकळणं मी फक्त ऐकलेलं होतं. हातातली जुडी खाली ठेवून मी म्हणाले, "मामा, ते पाणी दुसऱ्याच्या हातात होतं. हे आपलं आहे. आपल्या पाण्याला वास येत असेल तर ते सांगायचा पहिला हक्क तुमचा."

त्यांनी यावर विचार केला. मग बांध फुटावा तसे बोलू लागले. वास लय घाण हाय. दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तसा. नळ आला की दोन-तीन दिवस तर तोंडाला तांब्या लावू वाटत न्हाई. चहा केला की आणखी वाढतो. सकाळच्या चहाचे तर मी तुमचं मन राखायला दोन घोट घेतो, बाकीचा शेवग्याला. शेवग्याचं गुपित असं बाहेर आलं.

'नळ आला' म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या भागात नळाला रोज पाणी नसतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते पोर्चखालच्या हौदात साठवायचं, मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून ते घरातल्या नळांना उतरतं.

मी उठून स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि हुंगलं. मला काही वास आला नाही. प्यायले. पाण्यासारखं पाणी. नवऱ्याला बोलावलं. त्यानेही प्यायलं आणि म्हणाला, जागा बदलली की होतं असं, त्यांना चुडाव्याची सवय आहे. आपण जारचं पाणी लावू. मामा म्हणाले, जारच्या पाण्याला गारपणा सोडला तर काहीच नसतं.

खरं सांगायचं तर मलाही क्षणभर नवऱ्यासारखंच वाटलं. पण आत्ताच पायरीवर बसून मी त्यांना मोठ्या तोंडाने हक्क सांगितला होता. आता 'तुम्हाला भास होतोय' म्हणणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी म्हटलं, आपण परीक्षा घेऊ.

नवरा अशा गोष्टीत एकदम रंगतो. नेमका आदल्याच दिवशी नळ आला होता. त्याने स्टीलचे सहा सारखे पेले काढले, बुडाला चिकटपट्टी लावून आकडे लिहिले आणि घरभर फिरून पाणी भरलं. एकात मामांच्या बाटलीतलं हातपंपाचं, एकात हौदातलं, एकात स्वयंपाकघरातलं, एकात न्हाणीतलं, एकात अंगणातल्या नळाचं. सहाव्यात काय होतं ते त्याने मलाही सांगितलं नाही. मामांना पाटावर बसवलं. ते फार गंभीर झाले. त्यांनी आधी साध्या पाण्याने नव्हे, तर घासभर कोरड्या भाकरीने तोंड साफ केलं.

पहिला पेला हातपंपाचा, तो त्यांनी हुंगताच सांगितला. दुसरा अंगणातला. म्हणाले, खिळा तोंडात धरल्यागत लागतंय. ते बरोबर होतं. प्लॉटवर आधीच्या मालकाचा एक जुना लोखंडी पाइप होता, अंगणातला नळ आम्ही त्यावरच ठेवला होता. त्यात अडकून राहिलेल्या पाण्यात गंज उतरत होता. तिसरा न्हाणीतला. याला नव्या चपलेचा वास हाय, म्हणाले, पण थोडा हाय, चालंल. नव्या प्लास्टिकच्या पाइपांचे सांधे ज्या चिकट द्रावणाने जोडतात, त्याचा तो उरलासुरला वास होता. चौथा पेला त्यांनी बराच वेळ हुंगला आणि म्हणाले, हौद. स्वच्छ हाय. थोडी बिलिचिंग हाय, पण ती वाईट न्हाई.

पाचवा पेला नाकाजवळ नेताच त्यांनी मान मागे घेतली. मग सहावा उचलला आणि तोही तसाच खाली ठेवला.

"हे दोघं सख्खे भाऊ हायेत," ते म्हणाले. "हाच तो वास."

नवऱ्याने पेले उचलून बुडाचे आकडे पाहिले. पाचवा आणि सहावा, दोन्ही स्वयंपाकघरातल्या नळाचे होते. वडिलांना फसवायला त्याने एकच पाणी दोनदा भरलं होतं. त्याने वडिलांचे दोन्ही पाय धरले, अर्धं थट्टेने आणि अर्धं मनापासून.

हे कसं जमतं, असं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, त्यात काय. लाईनवर काम करताना दिवसभर पाणी पाठीवर न्यायचं आणि संपलं की मिळंल तिथं प्यायचं. विहीर, ओढा, स्टेशनचा नळ, शेतातली मोटर. उन्हात बारा माणसं एका कॅनवर. खराब पाणी प्यालं तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता यायचं नाही. म्हणून गँगमध्ये एकाची जीभ चांगली लागायची. आमच्या गँगमध्ये ती माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी प्लंबरला बोलावलं. आमच्या घराचं सगळं नळकाम त्यानेच केलं होतं. चाळिशीचा, नेटका माणूस, स्वतःच्या कामाचा अभिमान असलेला. पाण्याला वास येतो म्हटल्यावर तो दुखावला. म्हणाला, "मॅडम, पूरा माल चांगला वापरलाय. पिण्याच्या पाण्याचाच पाइप हाय, त्यावर छापलेलं असतं, दाखवतो." त्याने दाखवलंही. मग त्याने स्वयंपाकघरातलं पाणी प्यायलं आणि आमच्यासारखाच म्हणाला, काही वास नाही.

मामा पाटावरून उठले. रिकामा पेला घेतला आणि म्हणाले, चल बाबा, आपण पाण्याच्या मागं मागं जाऊ.

मग ते दोघं घरभर फिरले. हौदातलं पाणी मामांनी चाखलं, ठीक. गच्चीवर जाऊन टाकीत पेला बुडवला, ठीक. न्हाणीतला नळ, ठीक. स्वयंपाकघर, नाही. टाकीतून न्हाणीकडे एक पाइप जातो आणि स्वयंपाकघराकडे वेगळा. प्यायचं पाणी वेगळं असावं असा माझाच हट्ट होता. म्हणजे वास त्या दुसऱ्या पाइपातच कुठेतरी पाण्यात शिरत होता. मामांनी हे सांगितलं तसा प्लंबर परत गच्चीवर गेला. मीही मागोमाग गेले.

टाकीच्या कट्ट्यामागे, भिंतीच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा कोपऱ्यात तो वाकला आणि त्याने पत्र्याचा तुकडा बाजूला केला. पांढऱ्या पाइपाच्या दोन टोकांमध्ये हातभर लांबीची काळी रबरी नळी होती, दोन्हीकडे पट्टीने आवळलेली.

"माझी चूक हाय," तो म्हणाला. "इथं एक तुकडा अन् वळणाचा एल्बो कमी पडला होता. सणाची सुट्टी, दुकानं बंद. कूलरची नळी पडली होती ती जोडली. म्हटलं, दोन दिवसांनी येऊन बदलतो. डोक्यातून पार निघून गेलं."

तो मला दोष देत नव्हता, पण मला तो दिवस आठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घरात बुद्धवंदना ठेवली होती, पन्नास माणसं जेवायला होती. मीच त्याला चार वेळा फोन करून सांगितलं होतं की काहीही कर, पण स्वयंपाकघरात पाणी आलंच पाहिजे. त्याने काहीही केलं होतं. हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. मामा खालून ओरडून विचारत होते, सापडलं का.

नळी काढल्यावर मी तिचे दोन तुकडे करून घेतले. एक तुकडा नुकत्याच आलेल्या नळाच्या पाण्यात बुडवून, वर ताटली झाकून ठेवला. कॉलेजातून दुपारी परत आले आणि ताटली उचलली, तेव्हा माझ्यासुद्धा नाकाला तो वास कळला. लहानपणी सरकारी दवाखान्यात फिनेलने पुसलेल्या फरशीचा वास, अगदी तोच. मी पाय पसरून खाली बसले आणि एकटीच हसले. फिनॉल आणि क्लोरीन. कितीतरी वर्षं मी बारावीच्या वर्गात ही क्रिया फळ्यावर लिहीत आले आहे, परीक्षेत ती हमखास येते असंही सांगत आले आहे. पाणी शुद्ध करायला टाकलेलं क्लोरीन आणि साध्या रबरातून उतरणारे असले पदार्थ एकत्र आले की असा वास तयार होतो. तो इतक्या कमी प्रमाणातही जाणवतो की चांगलं नाक असलेल्याला पुरे होतं आणि बाकीच्यांना पत्ता लागत नाही. पाणी गरम केलं की वास आणखी उठतो. माझ्याच टाकीमागे माझा धडा चालू होता आणि तो मला मामांनी दाखवून दिला.

मी दोन बाटल्या वर्गात नेल्या. एकीत रबराचं पाणी, एकीत हौदातलं. झाकणं उघडून हुंगायला लावली. पिऊ मात्र दिलं नाही. साठातल्या वीसएक जणांना फरक लगेच कळला, काहींना सांगितल्यावर कळला, काहींना शेवटपर्यंत कळला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिला वर्षभर एक समीकरण धड लिहिता आलं नव्हतं, ती दरवेळी अचूक बाटली ओळखत होती. मी तिला सांगितलं की तुझ्यासारखी एक जीभ आमच्या घरात आहे. तिला ते फार आवडलं.

नळी काढली त्याच संध्याकाळी प्लंबरने नवा तुकडा बसवला होता. अंगणातला जुना लोखंडी पाइप बदलायलाही तो तयार होता, पण मामा म्हणाले, राहू दे, सकाळचं पहिलं बादलीभर पाणी झाडांना सोडायचं, नंतर खिळा लागत नाही. नव्या सांध्यांना एक पूर्ण दिवस सुकू दिलं. मग आठवडाभर रोज सकाळी स्वयंपाकघरातला नळ थोडा वेळ सोडून ठेवायचा आणि ते पाणी बादलीत धरून भांडी-फरशीला वापरायचं असं ठरलं. मामा रोज एक घोट घेऊन सांगायचे, अजून चपल हाय. अजून थोडी हाय. आठव्या दिवशी त्यांनी घोट घेतला, थांबले, पेला पुन्हा भरला आणि उभ्याउभ्या संपवला. मग तिसरा. मी ओट्याशी कणीक मळत होते. मागे वळून पाहिलं नाही, पण घोट मोजत होते.

नवरा कामावरून आल्यावर मी त्याला सांगितलं. तो वडिलांजवळ जाऊन बसला आणि म्हणाला की मी तुमचं खरं मानलं नाही. मामा म्हणाले, "तू लहानपणापासून सर्दीचा. तुला काय कळणार, गाढवा."

एक मात्र झालं. मामांना नाव ठेवायची परवानगी मिळाली ती त्यांनी सर्व बाबतीत वापरायला घेतली. वरणात हिंग जास्त झालाय, दूधवाल्याची किटली नीट घासलेली न्हाई, हा चहा दुसऱ्या पातेल्यात केलाय. हे सगळं खरं असायचं. मी कधी चिडायची, पण महिनाभर गुपचूप शेवग्याला चहा पाजणाऱ्या मामांपेक्षा हे मामा मला परवडत होते.

पुढे प्लंबर एकदा सकाळी मोटरसायकल घेऊन आला. त्याने एका घराचं काम संपवलं होतं आणि घरमालकाच्या हाती किल्ली जाण्याआधी काकांनी येऊन एकदा पाणी बघावं असं त्याचं म्हणणं होतं. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आपला पेला रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि त्याच्या मागे बसून गेले. आता हे नेहमीचं झालंय. कधी खानापूर फाट्याकडे, कधी जिंतूर रोडला. तिथे पाहुण्यासारखी खुर्ची देतात, चहा विचारतात. मामा म्हणतात, चहा मागून, आधी पाणी.

गेल्या महिन्यात प्लंबरच्या स्वतःच्या घराचं काम झालं. पत्र्याच्या दोन खोल्यांमागे त्याने एक पक्की खोली आणि स्वयंपाकघर काढलंय. त्या दिवशी तो आम्हा तिघांनाही घेऊन गेला. त्याच्या बायकोने डोक्यावरचा पदर सावरत नवा नळ सोडला आणि पहिला पेला मामांच्या हातात दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामांनी हुंगलं, घोट घेतला, तो तोंडात घोळवला आणि गिळला.

"पाणी चांगलं हाय," ते म्हणाले. "पण अजून चार दिस वाहू द्या. घाई करू नका."

प्लंबर मान डोलावून म्हणाला, चार कशाला, आठ दिवस वाहू देतो. त्याची बायको चहासाठी शेजारून पाण्याचा हंडा आणायला गेली आणि आम्ही चटईवर बसलो.